सोमवारच्या आत हॅम

डॉक्टर बोल्ड्रिन यांनी रिपोर्टवरच्या आकड्याभोवती लाल पेनानं तीनदा गोल काढला, तेव्हाच सिल्वानो झानेल्लातो यांना कळायला हवं होतं की प्रकरण हाताबाहेर गेलेलं आहे. एक गोल म्हणजे सूचना. दोन गोल म्हणजे ताकीद. तीन गोल म्हणजे फाइल बंद. नगरपालिकेच्या परवाना खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला लागत नाही. पण मामला स्वतःच्या कोलेस्टेरॉलचा असला की भल्याभल्यांची नजर मंद होते.

"सलामी बंद," डॉक्टर म्हणाले. "चीज बंद. लोणी घरात दिसतासुद्धा कामा नये. आणि हॅम..." इथे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "हॅम हा शब्दही विसरा, झानेल्लातोसाहेब."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"आज गुरुवार आहे, डॉक्टर. नवा नियम जाहीर केला की अंमलबजावणीला मुदत द्यावी लागते. हे सगळीकडे असंच असतं."

बाहेर अकरा पेशंट खोकत बसले होते. डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला आणि 'सोमवार सकाळपासून उकडलेल्या भाज्या, वाफवलेला मासा, रोज एक तास चालणे' असं त्याच रिपोर्टखाली सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. सिल्वानोनं तो कागद पारदर्शक फाइलमध्ये ठेवला आणि जिने उतरता उतरता हिशेब केला: शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस. माणूस पूर्णविराम लागण्याआधी तीन दिवसांत काय काय करू शकतो! त्याचं हृदय, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते आनंदानं धडधडायला लागलं.

घरी आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "लोरेदाना, शनिवारी आपण त्रिएस्तेला जातोय. रविवारी रात्री परत."

लोरेदानानं हातातला डाव खाली ठेवला. तिला कारण विचारायची गरज नव्हती. त्रिएस्ते म्हणजे ते हॅम.

हे हॅम झानेल्लातोंच्या घरात चौतीस वर्षं राहायला होतं. लग्नाच्या आधी, लष्करातली सक्तीची वर्षभराची चाकरी करताना सिल्वानोची नेमणूक त्रिएस्तेला झाली होती, आणि तिथे त्यानं ते खाल्लं होतं: पावाच्या कणकेत गुंडाळून भाजलेलं, कवच फोडलं की वाफ येणारं, हातानं जाड कापलेलं, आणि वर किसलेलं क्रेन, म्हणजे नाकातून थेट मेंदूत जाणारं ते तिखट मूळ. त्यांच्या रोव्हिगोमध्ये ईस्टरला असलं हॅम कुणी भाजत नाही. लोरेदाना भाजत असे, केवळ नवऱ्यासाठी, दरवर्षी. नवरा दोनदा वाढून घ्यायचा, हाडाजवळचं खरवडून खायचा, आणि मग खुर्चीला टेकून म्हणायचा, "छान झालंय, पण त्रिएस्तेचं ते..." आणि पुढे नुसता हात हलवायचा. तो हलता हात लोरेदानाच्या स्वप्नात येत असे.

"जाऊ या," ती म्हणाली. "मलाही एकदा भेटायचंच आहे त्याला."

बातमी जिन्यातून खाली पोचायला पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या पावानेल्लोबाईंनी दारातच गाठलं. "बोराची तयारी केलीय का? तो वारा म्हणजे थट्टा नाही हो. माझ्या दिरांची टोपी त्रिएस्तेच्या चौकातून जी उडाली ती सरळ युगोस्लावियात. तेव्हा सरहद्द होती. परत आणायची तर कागदपत्रं लागणार, टोपीचे कागद कुणाकडे असतात? बोडक्यानं परत आले बिचारे." तळमजल्यावरचे मार्झोलाकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं पडलं, की मेस्त्रेला गाडी बदलताना पाटीवर लिहिलेल्या प्लॅटफॉर्मवर अजिबात विश्वास ठेवू नये. मग कशावर ठेवावा, यावर ते गूढ हसले. पावानेल्लोबाईंनी लोकरीची गुडघेपट्टी आणून दिली. ती कुणासाठी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

सिल्वानोनं दोन दिवस खपून यादी केली. पहिल्या पसंतीची खानावळ, दुसरी, तिसरी. प्रत्येकीच्या वेळा, सुटीचा वार, बसचे नंबर. यादी फाइलच्या पहिल्या कप्प्यात, तिकिटं दुसऱ्यात, डॉक्टरांचा कागद तिसऱ्यात.

"आपण जेवायला जातोय की कोर्टात?" लोरेदानानं विचारलं.

"तयारीनं गेलेला माणूस फसत नाही," सिल्वानो म्हणाला. असली वाक्यं बोलू नयेत, पण माणूस उत्साहात असतो.

शनिवारी सकाळी साडेदहाला ते त्रिएस्तेत उतरले. उजवीकडे समुद्र चकाकत होता, आभाळ स्वच्छ होतं, आणि सिल्वानो वीस वर्षांचा झाला होता. स्टेशनसमोरच्या बारमध्ये त्यानं ऐटीत दोन कापुचीनो मागवले. आले ते बाहुलीच्या भातुकलीतले वाटावेत असे दोन इवलेसे कप.

"मी कापुचीनो मागितला होता," सिल्वानो म्हणाला.

"हाच कापुचीनो," बारवाला म्हणाला.

"मोठा कप असतो ना, वर फेस?"

"तो हवा असेल तर कॅफेलात्ते म्हणायचं."

"आणि कॅफेलात्ते हवा असेल तर?"

बारवाल्यानं दयेनं पाहिलं. "साहेब, तुम्ही इटालियन आहात ना?"

हा घाव वर्मी बसला. एखाद्या जर्मनाला असं विचारलं तर ठीक आहे. पण जन्मभर दिवसाला तीन कॉफ्या रिचवलेल्या माणसाला, आपल्याच देशात, आपल्याच भाषेत! आणि वर्षभर या गावात राहिल्याचं आता सांगायचीही सोय राहिली नव्हती. त्या वर्षात तो बराकीतली चिकोरीची कॉफी प्यायला होता. लोरेदाना मात्र भिंतीकडे तोंड करून हसत होती. तिचे खांदे हलत होते.

पहिल्या पसंतीच्या खानावळीच्या दारावर हातानं लिहिलेला कागद होता: 'आज संत जुस्तो. बंद.' तीन नोव्हेंबर. गावाच्या रक्षक संताचा दिवस. सिल्वानोनं कपाळावर हात मारला. इटलीतल्या प्रत्येक गावाला आपापला संत असतो आणि प्रत्येक संताला आपापली सुटी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोव्हिगोच्या संत बेल्लिनोला याच सिल्वानोनं छत्तीस वर्षं सव्वीस नोव्हेंबरला खात्याचं दार बंद ठेवलं होतं आणि बाहेर ताटकळणाऱ्या परगावच्या लोकांना 'जरा चौकशी करून यायला काय होतं?' असं ऐकवलं होतं. आज ते सगळे परगावचे लोक कुठेतरी सुखावले असतील.

दुसऱ्या खानावळीत रांग होती. काउंटरमागे वाफाळणारी मोठी कढई, तिच्यात सॉसेज, जीभ, डुकराच्या मानेचं मांस. आणि शेजारच्या लाकडी फळीवर, कवच फुटलेलं, गुलाबी, ते! सिल्वानोनं लोरेदानाचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली. पुढे सहा माणसं. मग चार. मग एक. तो एक म्हणजे ऑस्ट्रियाहून आलेला ताडमाड उंच गृहस्थ. त्यानं फळीकडे बोट दाखवलं, आणि मग सगळी बोटं दाखवली. कापणाऱ्यानं हाडापर्यंत सगळं त्याच्या ताटलीत घातलं, सुरी पुसली आणि विचारलं, "हं, तुम्हाला काय देऊ?"

सिल्वानो रिकाम्या फळीकडे बघतच राहिला. लोरेदानानंच जीभ, सॉसेज, आंबट कोबी आणि दोन ग्लास बिअर सांगितली, आणि डोळे मिटून अशी काही जेवली की बघणाऱ्याला भूक लागावी. सिल्वानोनंही दोन ताटल्या संपवल्या, पण सुतकातला माणूस जेवतो तशा.

"अजून तिसरी खानावळ आहे," तो तोंड पुसत म्हणाला. "पत्ता बघू." आणि पत्ता बघायला त्यानं जागा कुठली निवडावी? समुद्रात लांबवर शिरलेला दगडी धक्का. फाइल उघडायला आणि बोरा सुटायला एकच गाठ पडली. यादी वर उठली, एकदा स्वतःभोवती फिरली, आणि पावानेल्लोबाईंच्या दिरांच्या टोपीची बहीण असल्यासारखी निघून गेली. तिकिटं त्यानं पोटाशी धरून वाचवली. डॉक्टरांचा कागद तर फाइलला असा चिकटून बसला होता, की जणू त्याला सोमवारपर्यंत पोचायचंच होतं.

संध्याकाळी ते रात्रीपुरत्या भाड्यानं घेतलेल्या खोलीवर परतले तेव्हा सिल्वानोचं तोंड उतरलेलं होतं. घरमालकीणबाईंनी सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली. "गावात कशाला शोधता? उद्या वर कार्सोच्या पठारावर, स्लोव्हेन लोकांच्या गावांत जा. तिथे ओस्मित्सा, म्हणजे शेतकऱ्यांनी वर्षातले ठरावीक दिवस घरातच चालवलेल्या खानावळी, उघड्या असतील. शेतकऱ्याच्या घरचंच हॅम, घरचीच वाइन. रस्त्यावर आयव्हीची डहाळी टांगलेली दिसली की तिच्या मागे मागे जायचं, जिथे शेवटची डहाळी तिथे आत शिरायचं. फक्त कुठली कुठल्या तारखांना उघडी आहे त्याचा कागद मिळतो, तो बघून..."

"कागद!" सिल्वानो कडवट हसला. "बाई, कागदांशी माझा संबंध संपला. उद्या मी फक्त डहाळी बघणार."

छत्तीस वर्षांत ज्यानं कागद पाहिल्याशिवाय कुणाला लिंबूसरबताची गाडी लावू दिली नव्हती, त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कागदाशिवाय कुठेतरी जायचं ठरवलं. नेमकं तिथेच घोडं अडलं.

रविवारी वारा पडला होता. बस चढ चढून वर आली, लाल झालेली झुडपं उन्हात पेटल्यासारखी दिसत होती, आणि पहिल्याच वळणावर खांबाला डहाळी! "ती बघ!" दोघंही एकदम ओरडले. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला, आणि दोघं तिथेच उतरून चालायला लागले. पुढे दुसरी डहाळी, मग दगडी कुंपणाच्या कोपऱ्यावर तिसरी, मग एका मोठ्या फाटकावर चौथी. लोरेदानानं चारी डहाळ्यांचे फोटो काढले. फाटकावरच्या डहाळीचे तर तीन, वेगवेगळ्या बाजूंनी. सिल्वानो फाइल काखेत मारून आत शिरला.

आता जरा फाटकाच्या आतल्या बाजूनं बघा. घर झ्वोंकोचं. त्याच्या ओस्मित्सेची मुदत गुरुवारी संपली होती. मुदत संपली की डहाळी उतरवायची, हा नियम. झ्वोंको समजत होता ती मेहुण्यानं उतरवली, मेहुणा मारियान समजत होता झ्वोंकोनं. आज घरात नोना युस्तीना, म्हणजे झ्वोंकोच्या आईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. लांब टेबलाभोवती घरची चौदा माणसं. आणि दारात एक अनोळखी गृहस्थ फाइल घेऊन उभा. त्याची बायको फाटकावरच्या डहाळीचे पुरावे गोळा करतेय. गृहस्थानं सगळ्यांना 'नमस्कार' म्हटलं, खिशातून चष्मा काढला, भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यापाशी गेला, त्याला लटकवलेली चिठ्ठी उलटून वाचली आणि म्हणाला, "याची तपासणी मार्चमध्ये व्हायला हवी होती."

सिल्वानोला ही जुनीच सवय. लग्नात, बारशात, अंत्यसंस्कारातसुद्धा तो आधी ते नळकांडं बघतो. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. पण झ्वोंकोच्या तोंडचं पाणी पळालं.

टेबलावर स्लोव्हेन भाषेत कुजबूज झाली. सिल्वानोला त्यातला एकच शब्द कळला, कारण तो सगळ्या भाषांत सारखाच आहे: इन्स्पेक्टर.

"ऐकलंस?" तो लोरेदानाच्या कानाशी लागला. "या बिचाऱ्यांना कुणीतरी इन्स्पेक्टर छळतोय."

"तुला काय करायचंय? जागा बघून बस."

पण सिल्वानोचा स्वभाव परोपकारी. त्यानं झ्वोंकोला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घाबरू नका. परवान्याचं सगळं मला माहीत आहे. छत्तीस वर्षं मी हेच केलंय."

झ्वोंकोनं भिंतीचा आधार घेतला.

"कधीपर्यंत उघडं आहे तुमचं?" सिल्वानोनं आपुलकीनं विचारलं.

हा प्रश्न कुठल्याही ओस्मित्सेत शंभर गिऱ्हाइकं विचारतात. पण झ्वोंकोला दोन्ही बाजूंनी विहीर दिसत होती. उघडं आहे म्हणावं तर मुदत संपलेली. बंद आहे म्हणावं तर डहाळी लटकतेय. शेवटी त्याची बायको माइदा पुढे झाली. ती झ्वोंकोपेक्षा दुप्पट चलाख. "उघडं कसलं हो? आज विक्रीबिक्री काही नाही. घरचा कार्यक्रम आहे. तुम्ही आमचे पाहुणे! बसा, बसा. मारियान, सरक तिकडे. पाहुण्यांना विकत थोडंच देतात?"

सिल्वानो भारावून गेला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "याला म्हणतात माणुसकी."

मग ताटल्या यायला लागल्या. गार कच्चं हॅम, सलामी, उकडलेली अंडी, चीज, लोणच्यातली काकडी, घरची वाइन. सगळं परवान्याच्या चौकटीत बसणारं. ओस्मित्सेत गार आणि घरचं तेवढंच चालतं, चुलीवरचं काही विकता येत नाही. आणि झ्वोंकोच्या स्वयंपाकघरात, नोनाच्या वाढदिवसासाठी, पावाच्या कवचात अख्खं हॅम भाजून तयार होतं. आता ते इन्स्पेक्टरच्या नजरेस पडलं तर मुदत, डहाळी आणि चूल असे तीन गुन्हे एका दमात. माइदानं डोळ्यांनी खूण केली. मारियाननं खांद्यावर फडकं टाकलं, आत जाऊन हॅम पुन्हा ओव्हनमध्ये कोंबलं आणि दार लावून त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसला.

पण वासाला कुणी खुर्ची लावू शकतं का? सिल्वानोनं अंडं सोलता सोलता नाक वर केलं. भाजलेला पाव. लवंग. आणि त्याखाली, गोड, खारट, गरम... त्याच्या हातातून अंडं निसटलं.

"तुमच्याकडे," तो कातर आवाजात म्हणाला, "गरम हॅम आहे का?"

टेबलावरचे सगळे हात जागच्या जागी थांबले.

"गरम? छे!" झ्वोंको म्हणाला.

"देवाशपथ नाही," माइदा म्हणाली.

"आम्ही कधीच गरम काही करत नाही," झ्वोंकोनं आणखी जोर लावला. "चहासुद्धा नाही."

"पण वास येतोय."

"शेजाऱ्यांचा," सगळे एका सुरात म्हणाले. आसपास अर्ध्या मैलात शेजारी नव्हते.

सिल्वानोच्या मनाला ते फार लागलं. अन्न नाही म्हणणं वेगळं, आणि असलेलं लपवणं वेगळं. आपल्यात असं काय कमी आहे, की सगळं टेबल भरभरून वाढतंय पण ती एक गोष्ट द्यायला तयार नाही? रविवारचे अडीच वाजले होते. परतीची गाडी सहाला. आणि सोमवार तर दारात येऊन उभाच होता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ताटलीतली काकडी नुसतीच इकडून तिकडे सरकवली.

लोरेदानाला नवऱ्याची फजिती आवडते, पण दुःख बघवत नाही. ती ताडकन उठली. "हे बघा, तुम्ही यांना कोण समजताय मला माहीत नाही. पण हा माणूस तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालाय. घरी टोमॅटो लावतो, तेही किडतात. उद्यापासून याचं खाणं बंद होणार आहे, आणि आज त्याला फक्त तेवढं एक हॅम हवंय." तिनं फाइलमधून डॉक्टरांचा कागद काढून झ्वोंकोच्या हातात ठेवला.

झ्वोंकोनं वाचला. पुन्हा वाचला. मग मोठ्यानं स्लोव्हेनमध्ये वाचून दाखवला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्याचा आवाज आला. मारियान पोट धरून हसत स्वयंपाकघरातून बाहेर आला. कुणीतरी सिल्वानोच्या पाठीत थाप मारली, कुणी ग्लास भरला. "इन्स्पेक्टर!" झ्वोंको डोळे पुसत म्हणाला. "अहो, मी मनातल्या मनात ट्रॅक्टर विकून टाकला होता!" आणि तो जो धावत सुटला तो फाटकावरची डहाळी खाली ओढूनच परत आला.

"म्हणजे हॅम आहे!" सिल्वानो उठून उभा राहिला.

"आहे ना!" झ्वोंको म्हणाला.

"थांब," माइदा म्हणाली. तिच्या हातात अजून तो कागद होता आणि कपाळावर आठी. "हा आकडा बघितलास? तीन गोल आहेत. मी दवाखान्यात काम करते, तीन गोल म्हणजे काय ते मला विचार. नाही हो साहेब. आमच्या घरात खाल्लं आणि वाटेत काही झालं तर? नोनाच्या वाढदिवशी? तुम्हाला मी छान बीट वाढते."

आधी इन्स्पेक्टर म्हणून मिळालं नाही, आता पेशंट म्हणून मिळेना. सिल्वानो मटकन खाली बसला. छत्तीस वर्षं त्यानं लोकांना 'या कागदावरून देता येत नाही' असं सांगितलं होतं. समोर बसल्यावर कसं वाटतं, ते त्याला आज कळलं.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेली नोना युस्तीना काठी टेकत उठली. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. आत गेली, ओव्हन उघडलं, आणि स्वतःच्या हातानं एक जाड काप कापून, वर क्रेन किसून, ताटली आणून सिल्वानोपुढे ठेवली. माइदा काहीतरी म्हणाली, त्यावर नोना एवढंच म्हणाली, की मी पंच्याऐंशी वर्षं हे खातेय, आणि मला रोज बीट खायला सांगणारे दोन डॉक्टर वारले. सुरी हातात तशीच धरून ती बघत उभी राहिली.

वाफ येत होती. कवचाचा एक तुकडा कडेला चिकटला होता. सिल्वानोनं काटा उचलला.

त्यानं काटा खाली ठेवला.

"काय झालं?" लोरेदानानं विचारलं.

"हेच ते का, मला ओळखता येणार नाही."

"का? इतकी वर्षं तर..."

"लोरेदाना, मी ते खाल्लंच नव्हतं."

सिल्वानो ताटलीकडे बघत बोलत राहिला. "मी सार्जंटचा ड्रायव्हर होतो. तो आत खात बसला होता आणि मी बाहेर गाडीत. दोन तास. काचेतून सगळं दिसत होतं. कापताना वाफ यायची. दार उघडलं की वास यायचा. मग तो मिशा पुसत बाहेर आला, म्हणाला, 'झानेल्लातो, गाडी काढ.' बराकीत पोरांनी विचारलं, काय खाल्लंस रे? मी म्हटलं, हॅम. एकदा म्हटलं. मग म्हणतच गेलो. तुला सांगितलं तेव्हा आपलं जमत होतं. त्या वेळी माघार कशी घ्यायची?"

माइदानं हे सगळं नोनाच्या कानात सांगितलं. नोनानं क्रूसाची खूण केली.

लोरेदानाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चौतीस ईस्टर," ती म्हणाली. सुरुवात हळू झाली, पण आवाज चढत गेला. "चौतीस! मी लवंगा कमी केल्या, लवंगा वाढवल्या. कसाई बदलला. ओव्हन बदलला! मधात बुडवून बघितलं, बिअरमध्ये बुडवून बघितलं. दर वर्षी वाटायचं, या वेळी जमलं. आणि मी हरत कुणाला होते? तू न खाल्लेल्या हॅमला?"

"हो," सिल्वानो म्हणाला.

"खा." तिनं काटा त्याच्या हातात कोंबला. "आत्ता. माझ्यादेखत."

त्यानं खाल्लं. डोळे मिटून, सावकाश. क्रेन नाकात चढलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हॅम चांगलं होतं. फारच चांगलं होतं. पण पहिल्या घासालाच त्याला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, जगातलं सर्वांत चांगलं हॅम तो चौतीस वर्षं आपल्याच घरी, त्याला नाव ठेवत, खात आला होता. आणि दुसरी म्हणजे, उद्या सोमवार.

"तुझं जास्त चांगलं असतं," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

त्यानं समोर सुरी धरून उभ्या असलेल्या नोनाकडे पाहिलं. माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात. "तुझं जास्त चांगलं असतं!" तो ओरडला. "दर वर्षी! पहिल्या वर्षीपासून!"

"भाषांतर करू नकोस," झ्वोंको बायकोला घाईघाईनं म्हणाला. पण नोनाला इटालियन चांगलं समजत होतं. तिनं सुरी हलवली. "असणारच," ती म्हणाली. "माझं पाऊण तास ओव्हनमध्ये लपवून वाळवलंत. कोणामुळे?"

सगळ्यात आधी लोरेदाना हसली. मग थांबताच येईना तिला. हसता हसता तिनं डोळे पुसले, नवऱ्यासमोरची ताटली आपल्याकडे ओढली आणि खायला सुरुवात केली.

"अगं, माझं..." सिल्वानो म्हणाला. "आज अजून रविवार आहे!"

"तुझा सोमवार लागला," ती म्हणाली आणि शांतपणे घास घेत राहिली. सिल्वानो टेबलाच्या कडेला हात ठेवून, पुढे वाकून, तिच्या प्रत्येक घासाबरोबर वास घेत बसला. मारियाननं दयेनं त्याच्यापुढे बीट सरकवलं.

शेवटचा तुकडा उरला. कवच चिकटलेला, हाडाजवळचा, सगळ्यात चांगला. लोरेदानानं तो काट्याला टोचला, त्यावर उरलंसुरलं क्रेन ओढलं आणि काटा नवऱ्याच्या तोंडापुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "आता खुशाल सांग बराकीतल्या पोरांना."